मेलेल्या विणकरणीचे कापड

फार पूर्वी लाओ लोकांच्या मुलखात, मोठी नदी जिथे डोंगराला वळसा घालते तिथल्या एका गावात, एक विणकरीण राहत होती. तिचे नाव बुआखाम. तिचा नवरा इनपेंग तुतीची झाडे लावायचा, रेशमाचे किडे पाळायचा आणि सूत रंगवायचा. त्यांना एकच मुलगी होती, केओ. तिघांचे घर उंच लाकडी खांबांवर उभे होते आणि घराखालच्या सावलीत माग होता.

त्या मागावर बुआखाम खांद्यावरून घ्यायचे रेशमी कापड विणायची. लाखेच्या गडद लाल रंगावर नदीतले नाग, दोन-दोन समोरासमोर, आणि प्रत्येक नागाच्या पोटात एक छोटा पक्षी. ही नक्षी तिला आईकडून मिळाली होती आणि आईला तिच्या आईकडून. ती कागदावर कुठे काढून ठेवलेली नव्हती. मागावर टांगलेल्या शेकडो दोऱ्यांत ती बांधलेली होती. कोणता दोरा कधी उचलायचा हे बुआखामच्या बोटांना ठाऊक होते आणि आता केओची बोटे ते शिकत होती. एक कापड पुरे व्हायला चार महिने लागत. घाई केली की मोजणी चुकायची, आणि चूक काढायची तर आठ-आठ दिवसांचे काम उसवावे लागायचे.

दर वर्षी पाऊस संपला की शहरातून एक सौदागर होडीने यायचा. तो गोड बोलायचा. मागाशेजारी चटईवर बसायचा, बुआखामने दिलेला चिकट भात बोटांनी गोळा करून खायचा, आणि तयार असतील ती सगळी कापडे घेऊन जायचा. भाव ठीक द्यायचा, त्याबद्दल तक्रार नव्हती. जाताना दर वेळी सांगायचा, शहरात तुझ्या कापडासाठी लोक माझ्या दारात बसून असतात, हात थांबवू नकोस. घरच्यांना यात आनंद होता. इनपेंगने नदीकाठी तुतीच्या झाडांच्या आणखी दोन रांगा लावल्या.

मग एका वर्षी सौदागर आलाच नाही.

आजारी असेल, असे बुआखामला वाटले. तिने कापडे गुंडाळून ठेवली आणि पुढचे विणायला घेतले. दुसऱ्या वर्षीही तो आला नाही. त्याच्या जागी एक नावाडी निरोप घेऊन आला. घाटावर गावातल्या बायका कपडे धूत होत्या, माणसे जाळी वाळत घालत होती. त्या सगळ्यांसमोर नावाड्याने निरोप सांगून टाकला. शहरात आता बुआखामचे कापड कोणी घेत नाही. तिचा हात बिघडला आहे, वीण जाड झाली आहे. यापुढे सौदागरासाठी काही विणू नये.

तो निरोप ऐकून बुआखाम घाटावरून उठली. घरी येऊन तिने ठेवलेली कापडे काढली, उजेडात धरली आणि बोटाने एकेक नाग तपासला. तिला काही दिसेना. दिसत नाही म्हणजे डोळेही गेले असावेत, असे तिला वाटू लागले. ती इनपेंगला विचारायची, रंग फिका आहे का? तो म्हणायचा, नाही. मग ती केओला विचारायची, वीण जाड लागते का? केओ म्हणायची, नाही, आई. पण घरची माणसे आपल्याला खरे कशाला सांगतील, असे बुआखामच्या मनाने घेतले. ज्या बाईने तीस वर्षे मोजणी न विसरता विणले, ती आता एक दोरा उचलताना तीनदा थांबायची. हळूहळू तिने मागावर बसणेच सोडले.

रेशीम लागेना, म्हणून इनपेंगने तुतीची अर्धी झाडे तोडून तिथे मका लावला. झाडे तोडताना तो एकटाच गेला होता. शेजारणी घाटावर बुआखामशी फार हळू आवाजात बोलू लागल्या, जसे आजारी माणसाशी बोलतात. असे दोन वर्षे चालल्यावर एक दिवस केओ म्हणाली, माग मोडून तिथे मिरच्या वाळवायला जागा करूया. तेव्हा मात्र बुआखाम उठली.

ती म्हणाली, "माग मोडू, पण आधी मी शहरात जाऊन येते. माझ्या कापडात खोट काय आहे ते त्यांनी मला बोट ठेवून दाखवावं. मग मी मोडेन."

तिने एक कापड केळीच्या पानात गुंडाळले आणि केओला बरोबर घेतले. होडीने शहर सहा दिवसांच्या वाटेवर होते. वाटेत ती सारखी एकच गोष्ट मनात जुळवत होती, सौदागराला कसे विचारायचे. त्याला राग येऊ नये, त्याने दोष नीट समजावून सांगावा, एवढेच तिला हवे होते.

सातव्या दिवशी सकाळी मायलेकी शहराच्या घाटावर उतरल्या. सौदागराचे दुकान सगळ्यांना माहीत होते. देवळापासून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन मजली दुकान, दाराला कोरीव चौकट. आत चटयांवर पंधरावीस माणसे बसली होती. पुढे भारी दागिने घातलेली एक बाई होती, एका सरदाराची बायको. मागे उभे राहून नुसते बघणारेही बरेच होते. मायलेकी त्यांच्यात जाऊन उभ्या राहिल्या.

सौदागर सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगत होता. त्याच्या मांडीवर चंदनाची बंद पेटी होती. तो सांगत होता की दूर डोंगरात एक विणकरीण राहत होती. तिला कोणी नव्हते, नवरा नाही, मूल नाही. माग हेच तिचे घर. एका पावसाळ्यात तिला ताप भरला. लोकांनी सांगितले, झोपून राहा. पण तिला शेवटचे एक कापड पुरे करायचे होते. ती विणत राहिली, आणि शेवटच्या नागापाशी पोचली तशी तिची मान मागावर टेकली ती टेकलीच. "आता असं कापड पृथ्वीवर पुन्हा होणार नाही," सौदागर म्हणाला.

बायकांनी डोळे पुसले. आणि हे सांगायलाच हवे की बुआखामचेही डोळे भरून आले. बिचारी, ना नवरा ना मूल, तापात पाणी द्यायलाही कोणी नाही, असे तिच्या मनात आले. तिने शेजारी हात नेऊन केओचा हात धरला.

मग सौदागराने पेटी उघडली आणि कापड उलगडले.

गडद लाल रंग. समोरासमोर नाग. पोटात पक्षी.

सौदागर एका जागी बोट ठेवून दाखवत होता. इथे बघा, तो म्हणाला, या नागाच्या पोटात पक्षी नाही. इथे तिचा श्वास थांबला. पक्षी उडून गेला. सरदाराच्या बायकोने हुंदका दिला आणि कमरेची थैली सोडली. तिने त्या कापडासाठी जेवढी चांदी मोजली, तेवढ्यात बुआखामचे आख्खे गाव वर्षभर जेवले असते.

केओने आईकडे पाहिले.  बुआखाम त्या रिकाम्या नागाकडे पाहत होती. मग माणसांतून वाट काढत पुढे गेली.

"दादा," तिने विचारले, "ही बाई मेली कधी?"

सौदागराने वर पाहिले आणि त्याचा रंग उडाला. पण तो तयार माणूस होता. क्षणात हसला, ही माझ्या जुन्या ओळखीची आहे असे लोकांना सांगितले, आणि मायलेकींना आतल्या खोलीत नेऊन दार लावून घेतले.

आत त्याने त्यांना बसायला गादी दिली, पाणी दिले. मग सगळे सरळ सांगून टाकले, जणू त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. जिवंत विणकरणीच्या कापडाला लोक एक भाव देतात. मेलेलीच्या कापडाला दहापट. त्याच्या कोठीत तिची बारा कापडे साठली होती. तिला तापाने मारले त्या दिवसापासून तो दोन-तीन महिन्यांनी एकेक कापड काढत होता. प्रत्येक घेणाऱ्याला सांगत होता, हेच शेवटचे. आतापर्यंत अशी सात शेवटची कापडे विकली गेली होती, आजचे धरून आठ. आणि नवी कापडे दुसऱ्या कोणा सौदागराच्या हाती लागून गोष्ट फुटू नये, म्हणून तिने विणणेच थांबवायला हवे होते. त्यासाठी तो निरोप.

मग त्याने बोली केली. बुआखामने गावी जावे आणि मेलेलेच राहावे. वर्षाला एक कापड विणावे, फक्त त्याच्यासाठी, गुपचूप. पूर्वीच्या तिप्पट मोबदला मिळेल. अट एवढीच की शहरात पुन्हा पाऊल टाकायचे नाही आणि नाव कोणाला सांगायचे नाही.

"तुझं यात जातंय काय?" तो म्हणाला. "श्वास तर चालूच राहणार आहे."

केओच्या डोळ्यांसमोर तोडलेली तुती आली. बापाचे मक्याच्या रोपांमधून वाकून चालणे आले. ती हळूच म्हणाली, "आई, घ्यायचं का?" तिला कोणी दोष देऊ नये. दोन वर्षे ते घर कसे चालले हे तिने पाहिले होते.

बुआखाम सौदागराकडेच बघत होती. तिने सौदागराला विचारले, "म्हणजे माझ्या कापडात खोट नव्हती?"

"खोट?" सौदागर मोकळेपणाने हसला. "अगं, तुझ्यासारखा हात या नदीच्या दोन्ही काठांवर नाही. म्हणून तर हे सगळं केलं."

त्या हसण्याने बुआखाम उठून उभी राहिली. 

"मला मारलंस, त्याचं एवढं नाही," ती म्हणाली. "एक दिवस मरायचंच आहे. माझी लेक, माझा नवरा, तेही तू पुसून टाकलेस. पण दोन वर्षं मी माझ्याच हातांकडे चोराकडे बघावं तसं बघत होते. माझ्या नवऱ्यानं स्वतः लावलेली झाडं स्वतः तोडली. आणि तुला तेव्हाही ठाऊक होतं की हात चांगला आहे. तुझं तिप्पट तुझ्याजवळ ठेव. मी जिवंत आहे, आणि ते मी बाहेर जाऊन सांगणार."

तिने दार उघडले.

बाहेर सरदाराची बायको कापडाची घडी घालून निघाली होती. बुआखामने तिला थांबवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले की हे कापड विणणारी मीच. मला ताप आला नव्हता. मला नवरा आहे, आणि ही माझी मुलगी.

आता अशा वेळी माणसांनी काय म्हणायला हवे? एक बाई मेली म्हणून घटकेपूर्वी रडणाऱ्यांनी, ती समोर धडधाकट उभी आहे म्हटल्यावर निदान हसायला हवे होते. तिथे कोणी हसले नाही. सरदाराच्या बायकोने कापड छातीशी घट्ट धरले आणि म्हणाली, "ही कोण भिकारीण आहे, हिला बाहेर काढा."

बुआखाम म्हणाली, "बाई, कापड उलगडू नका, घडीतच राहू द्या. मी न बघता सांगते. एका टोकाकडून चार बोटांवर लाल रंग जरा गडद आहे. तिथं आधीची लाख संपली आणि माझ्या नवऱ्यानं नवी कुटली. आणि ज्या नागाच्या पोटात पक्षी नाही, तिथं माझा श्वास थांबला नव्हता. तेव्हा माझ्या लेकीला गोवर झाला होता. सारखी उठून तिच्याकडे जात होते, त्यात मोजणी चुकली. नंतर दिसलं, पण उसवायला आठ दिवस लागले असते, म्हणून राहू दिलं."

माणसांनी कापड उलगडून पाहिले. चार बोटांवर रंग गडद होता.

तेवढ्यात मागून एक म्हातारा कारकून म्हणाला की त्याच्या मालकाने नव्या वर्षाला घेतलेले कापडही शेवटचेच होते. दुसऱ्या एका बाईच्या बहिणीकडे शेवटचे होते. धान्याच्या व्यापाऱ्याकडे शेवटचे होते. बघता बघता त्या दुकानात पाच शेवटची कापडे निघाली. मग गलका सुरू झाला. लोक सौदागरावर धावून गेले, आमची चांदी परत कर म्हणू लागले.

पण ती सगळी चीड सौदागराकडेच गेली असे नाही. सरदाराची बायको बुआखामकडे वळून म्हणाली, तू आलीस कशाला? घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगणार होते, आता काय सांगू? कोणी म्हणाले, हिला दोन वर्षं गप्प बसता आलं, आणखी थोडी बसली असती तर काय बिघडलं असतं? एकाने तर असेही म्हटले की आता ही घरी जाऊन आणखी विणेल आणि आमच्याकडच्या कापडांची मातीच होईल. सरदाराच्या बायकोने कापड बुआखामच्या पायाशी टाकले. जिवंत बाईचे कापड तिला नको होते.

बुआखामने ते उचलले. झटकले. घडी घातली.

"तासभरापूर्वी तुम्ही हे डोळ्यांना लावत होता," ती म्हणाली. "कापड तेच आहे. दोरा एक बदललेला नाही. मग तुम्हाला आवडलं होतं ते कापड की माझं मरण?"

 ज्याला त्याला दुसरीकडे बघायचे काम निघाले.

त्या गर्दीत कागदी छत्र्या बनवणारी एक बाई होती. तिच्या बोटांना डिंक आणि रंग लागलेला होता. हे कापड घेण्याची तिची ऐपत नव्हती, ती प्रत्येक वेळी नुसती बघायला यायची. ती पुढे आली आणि तिने विचारले, "बाई, तुझं नाव काय?"

 आठ कापडे विकली गेली होती, आठ वेळा लोक रडले होते, आणि त्या मेलेल्या बाईचे नाव काय, हे एकानेही सौदागराला विचारले नव्हते.

"बुआखाम," ती म्हणाली. "आणि ही केओ. रंग इनपेंगचा आहे."

"माझं नाव सेंगदाव," छत्रीवाली म्हणाली, आणि तिने मायलेकींना आपल्या घरी नेऊन जेवू घातले.

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या पंचांनी सौदागराला बोलावले. ज्यांची चांदी त्याने घेतली होती त्यांना ती परत करायला लावली. मग त्यांनी बुआखामला विचारले, तुला काय भरपाई हवी? सौदागराने आधीच एक जड थैली आणून समोर ठेवली होती. प्रकरण मिटावे आणि दुकान पुन्हा उघडावे, एवढेच त्याला हवे होते.

बुआखामने थैलीला हात लावला नाही. ती म्हणाली, "माझा हात बिघडला, असं यानं माझ्या गावच्या घाटावर सगळ्यांसमोर सांगायला लावलं. तो शब्द यानं तिथंच येऊन परत घ्यावा. नावाडी पाठवून चालणार नाही. यानं स्वतः यावं."

सौदागराने थैलीत आणखी चांदी घालून पाहिली. त्याला वाटले, बाई भाव वाढवते आहे. पंचांना मात्र ती काय म्हणते आहे ते कळले. शब्द परत घेईपर्यंत दुकान उघडायचे नाही, असे त्यांनी सांगितले.

म्हणून सहा दिवस तिघे एकाच होडीत होते. बुआखाम आणि केओ पुढे, सौदागर मागे.  केओने जेवताना त्याच्यासमोरही भाताची टोपली सरकवली, कारण उपाशी माणसाला न विचारता आपण खाणे त्यांच्या घरात नव्हते. त्याने मान खाली घालून खाल्ले.

गावच्या घाटावर माणसे जमली. इनपेंग कुदळ घेऊन मक्यातून तसाच आला. सौदागर होडीतून उतरला आणि इतक्या हळू आवाजात बोलला की पुढे बसलेली एक बहिरी आजी म्हणाली, ऐकू येत नाही, मोठ्यानं बोल. त्याने पुन्हा सांगितले. आजी म्हणाली, अजून मोठ्यानं. तिसऱ्या वेळी सौदागर ओरडून म्हणाला, "बुआखामचा हात बिघडलेला नव्हता. मी खोटं बोललो. तिच्या कापडात कधीच खोट नव्हती."

ते शब्द नदीपलीकडच्या माणसांनाही ऐकू गेले असतील. बुआखाम तिथे थांबली नाही. ती घरी गेली, मागावरची धूळ पुसली आणि बसली. त्या दिवशी दोरा उचलताना तिचा हात एकदाही अडला नाही.

सौदागर परत गेला आणि त्याने दुकान उघडले. पण आता तो पेटीतून काहीही काढून गोष्ट सांगू लागला की माणसे एकमेकांकडे बघत. उरलेली चार कापडे खरोखरच बुआखामची होती, खरोखरच सुंदर होती, आणि तो त्यांबद्दल अगदी खरे तेच सांगत होता. तरी ती कोणी घेईना. पुढे त्याने दुकान विकले.

म्हणून बुआखामच्या घरी लगेच चांगले दिवस आले असे मात्र समजू नका. त्या वर्षी शहरातून एकही गिऱ्हाईक आले नाही. शहरातल्या श्रीमंतांना तिचा राग होता. तुतीची नवी रोपे लावली, पण तुती काही एका पावसात वाढत नाही. तिघांनी मका खाल्ला, नदीतले मासे खाल्ले आणि जे थोडे रेशीम निघाले त्यावर विणले. केओला अधूनमधून ती तिप्पटची बोली आठवायची. एकदा तिने आईला विचारलेही, तुला पस्तावा होतो का? बुआखाम म्हणाली, "भूक लागली की होतो. जेवलं की जातो." आणि दोघी हसल्या.

त्यानंतरच्या वर्षी, पाऊस संपल्यावर, एक होडी घाटाला लागली. तिच्यातून सेंगदाव उतरली. तिने दोन वर्षे छत्र्या विकून थोडी थोडी चांदी बाजूला ठेवली होती. ती वर आली, मागाशेजारी बसली, आणि म्हणाली की तिच्या मुलीचे लग्न ठरते आहे, तिला अंगावर घ्यायला एक कापड हवे. किती पडेल ते बुआखामने सांगितले. सेंगदावने एका शब्दानेही भाव पाडायला सांगितला नाही. तिला स्वतःच्या हातांनी छत्री करायला किती वेळ लागतो ते माहीत होते.

पण तयार कापड नव्हते, होती ती सगळी टंचाईच्या दिवसांत आसपासच्या गावांत धान्याच्या बदल्यात गेली होती. मागावर नुकतेच दोन नाग झाले होते. बुआखाम संकोचून म्हणाली की निदान चार महिने लागतील. रेशीम कमी पडले तर पाच. लग्नाची घाई असेल तर बाजारात दुसरे काही बघ, मला वाईट वाटणार नाही.

सेंगदावने मागाकडे पाहिले, त्यावर वाकलेल्या केओकडे पाहिले. मग तिने पदराच्या गाठीतून पांढऱ्या सुताचा दोरा काढला. त्या मुलखात कोणाला दीर्घ आयुष्य चिंतायचे असले की मनगटाला असा दोरा बांधतात. तिने तो बुआखामच्या मनगटाला बांधला, मग केओच्या, मग इनपेंगच्या.

"लग्न पाच महिन्यांनी करू," ती म्हणाली. "तोवर वेळेवर जेवत जा. उन्हात फिरू नकोस. मला हे कापड तुझ्या हातून घ्यायचं आहे."

पाच महिन्यांनी ती आली, आणि तिने कापड बुआखामच्या हातून घेतले.

याचे तात्पर्य एवढेच: हाताने केलेली वस्तू घ्यायला जाल तेव्हा ती करणाऱ्याचे नाव विचारा, आणि त्याने पुष्कळ वर्षे जगावे असे मनापासून वाटत असेल तरच ती घरी आणा.